तंतूंची रेणवीय घडण व मुंबईतील तंतुसंशोधन

तंतूंची रेणवीय घडण : असंख्य रेणू बाहेरून कोणी न रचता, केवळ परस्परांतील आकर्षणामुळे किंवा एकमेकांत अडकल्यामुळे, ठराविक क्रमाने एकत्र येतात व त्यांपासून लांबट, लवचिक आणि ताण सहन करणारा पदार्थ बनतो, तेव्हा त्या क्रियेस तंतूची स्वयंरचना असे म्हणतात. कापूस, ताग, रेशीम व लोकर हे तंतू निसर्गात याच क्रियेने बनतात. गेल्या काही दशकांत कडीसारखे एकमेकांत गुंतलेले रेणू प्रयोगशाळेत तयार करून त्यांपासून तंतू व सूक्ष्म तारा बनविण्यात आल्या आहेत. भारतात तंतूचा शास्त्रीय अभ्यास प्रथम मुंबईत, कापड गिरण्यांच्या गरजेतून, सुरू झाला. परळ, लालबाग, दादर या भागातील गिरण्या व त्यांना लागून असलेल्या माटुंग्यातील प्रयोगशाळा यांचा सु. साठ वर्षांचा संबंध हा या विषयाच्या इतिहासातील महत्त्वाचा भाग होय.

धरून ठेवण्याचे तीन प्रकार : कोणत्याही तंतूविषयी मूलभूत प्रश्न एकच असतो. आखूड घटकांपासून लांब व मजबूत वस्तू कशी बनते? कापसाचा एक तंतू साधारणतः दोन ते तीन सेंमी. लांब असतो, पण त्यापासून काढलेले सूत मैलोगणती लांब असू शकते. सुताच्या आडव्या छेदात शंभराहून अधिक तंतू असतात व कोणताही तंतू सुताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जात नाही. पीळ दिल्यामुळे तंतू एकमेकांवर दाबले जातात आणि त्यांच्यातील घर्षणामुळे सूत टिकते. पीळ कमी पडला, तर तंतू निसटतात. तो फार झाला, तर तंतू तिरके होऊन ताण नीट सोसू शकत नाहीत व सूत पुन्हा दुबळे होते.

तंतूच्या आतही अशीच व्यवस्था असते. तेथे आखूड घटक म्हणजे सेल्युलोजाचे साखळी-रेणू. ते घर्षणाने नव्हे, तर हायड्रोजन बंधांनी व इतर क्षीण आकर्षणांनी शेजारच्या रेणूंना धरून असतात. एक बंध सहज तुटण्याइतका क्षीण असतो. परंतु एका साखळीवर असे हजारो बंध असल्याने त्यांचे एकत्रित बळ मोठे होते. तिसरा प्रकार कडीचा. दोन वलयाकार रेणू एकमेकांत ओवले गेले, तर त्यांच्यात कोणताही रासायनिक बंध नसताना ते अलग होऊ शकत नाहीत. त्यांतील एक वलय तोडावेच लागते. घर्षण, आकर्षण आणि कडी या तीन प्रकारांच्या आकलनाचा क्रम हाच तंतुविज्ञानाच्या इतिहासाचाही क्रम आहे.

कापसाच्या तंतूची घडण : कापसाचा प्रत्येक तंतू ही सरकीच्या सालीवरील एकच वाढलेली कोशिका होय. फूल उमलल्यापासून सु. तीन आठवडे ही कोशिका लांबीने वाढते. पुढे तिच्या आतील बाजूस सेल्युलोजाचे थर बसत जातात व भिंत जाड होते. बोंड उकलेपर्यंत, म्हणजे एकूण सु. सात आठवडे, ही क्रिया चालते. हे थर वृक्षाच्या वलयांप्रमाणे दिसतात, असे डब्ल्यू. एल. बॉल्स यांनी ईजिप्तमधील कापसावर संशोधन करून १९१९ मध्ये दाखविले. पुरेसे थर बसण्यापूर्वी वाढ थांबल्यास तंतू कच्चा राहतो. बोंड उकलल्यावर तंतूतील पाणी आटते, नळी चपटी होते आणि तिला जागोजागी पीळ पडतो. हाच नैसर्गिक पीळ पुढे सूतकताईच्या वेळी तंतूंना एकमेकांत गुंतण्यास मदत करतो.

आन्सेल्म पायां या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी १८३८ मध्ये वनस्पतींच्या भिंतींतील मुख्य द्रव्य वेगळे केले. तेच पुढे सेल्युलोज या नावाने ओळखले जाऊ लागले. परंतु तो रेणू केवढा असतो, याविषयी दीर्घ काळ मतभेद होते. असे पदार्थ लहान रेणूंचे सैल पुंजके नसून रासायनिक बंधांनी जोडलेल्या लांबच लांब साखळ्या आहेत, असे प्रतिपादन हेर्मान श्टाउडिंगर यांनी १९२० मध्ये केले. याबद्दल त्यांना १९५३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. कापसातील सेल्युलोजाच्या एका साखळीत सु. दहा हजार ग्लुकोज-घटक असतात. तरी तिची लांबी सु. ५ मायक्रोमीटरच भरते. म्हणजे अडीच सेंमी. लांबीच्या तंतूच्या तुलनेत साखळी-रेणू सु. पाच हजार पट आखूड असतो.

या साखळ्या कोशिकेच्या पटलावरील प्रथिन-समूहांतून बाहेर पडतात. वनस्पतींमध्ये हे समूह सहा पाकळ्यांच्या फुलासारखे मांडलेले असतात, हे १९८० मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दिसून आले. सेल्युलोज बनविणाऱ्या प्रथिनाचे वनस्पतींतील जनुक प्रथम ओळखले गेले, ते १९९६ मध्ये, आणि तेही कापसाच्या तंतूतूनच. एकाच समूहातून शेजारी शेजारी बाहेर पडणाऱ्या साखळ्या, सध्याच्या समजुतीप्रमाणे अठरा किंवा चोवीस, लगेच एकमेकींना बिलगतात व ३ ते ४ नॅनोमीटर जाडीचे सूक्ष्मतंतुक बनते. सूक्ष्मतंतुके एकत्र येऊन जाड तंतुके बनतात आणि ती तंतूच्या अक्षाभोवती मळसूत्राप्रमाणे गुंडाळली जातात. मळसूत्राची दिशा तंतूच्या लांबीत अनेक वेळा उलटते.

या घडणीचे एक वैशिष्ट्य लक्षात घेण्याजोगे आहे. नैसर्गिक सेल्युलोजात सर्व साखळ्या एकाच दिशेने तोंड करून असतात. तो विरघळवून पुन्हा घट्ट केला किंवा दाहक सोड्याच्या तीव्र विद्रावात फुगवून धुतला, तर साखळ्यांची वेगळीच, अधिक स्थिर मांडणी तयार होते. मूळ मांडणी परत मिळत नाही. जिवंत कोशिकेत साखळ्या बनता बनताच शेजारी मांडल्या जातात. म्हणून ही मांडणी वाढीच्या क्रियेशी अविभाज्यपणे निगडित आहे. एकदा मोडलेली घडी पुन्हा तशीच बसत नाही.

गिरणगाव व तंतूची पारख : कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीची ताडदेव येथील गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. पुढील अर्धशतकात भायखळ्यापासून परळ, लालबाग, दादर व वरळीपर्यंत गिरण्यांची वस्ती पसरली; तिलाच गिरणगाव म्हणू लागले. कोकण व घाटावरून आलेले कामगार येथील चाळींत राहत. कापूस कुलाब्याच्या आणि पुढे शिवडीजवळच्या कॉटन ग्रीनच्या बाजारातून येई, तर तयार कापडाचा व्यापार गिरगावाला लागून असलेल्या काळबादेवी भागात चाले.

या काळात तंतूची पारख हाताने व डोळ्यांनी होत असे. पारखी गाठीतून चिमूटभर रुई काढी, दोन्ही हातांच्या अंगठ्यांत धरून ती वारंवार ओढी आणि सरळ झालेल्या झुपक्यावरून लांबीचा अंदाज करी. तंतू तुटताना होणारा आवाज, रुईची चमक व स्पर्श यांवरून तो बळ व तलमता ठरवी. त्याच्या निर्णयावर विदर्भ-खानदेशातील शेतकऱ्याच्या मालाची किंमत अवलंबून असे.

दुसऱ्या प्रकारचे ज्ञान गिरणीच्या आत होते. सूतकताईच्या विभागास गिरणगावात ‘त्रासन खाते’ म्हणत. थ्रॉसल या जुन्या इंग्रजी यंत्रनामाचे हे मराठी रूप होय. तेथील ‘सायडर’ आपल्या बाजूच्या शेकडो चात्यांवर नजर ठेवून तुटलेला धागा सांधीत असे. धागे किती वेळा तुटतात यावर त्याचे श्रम अवलंबून असत. कापूस कच्चा वा आखूड असला म्हणजे तुटी वाढत आणि तेवढ्याच वेळात दुप्पट हेलपाटे पडत. साचेखात्यात तर ताण्याचा धागा तुटला की साचा थांबे व नगावर मजुरी मिळवणाऱ्या विणकराचे उत्पन्न कमी होई. म्हणून मिश्रणात हलका कापूस घातला गेला, तर तो प्रयोगशाळेतील कोणत्याही मोजणीपूर्वी सायडरला आणि साचेवाल्याला कळत असे. गिरण्यांतील अनेक तंट्यांच्या मुळाशी हलक्या सुताची तक्रार असे.

माटुंग्याची प्रयोगशाळा : मुंबईच्या गिरण्या आरंभी प्रामुख्याने जाडे सूत काढीत व त्याचा मोठा भाग चीनला जाई. ८४० वार लांबीच्या जितक्या लडींचे वजन एक पौंड भरते, तितका त्या सुताचा अंक, म्हणजेच गिरणीच्या भाषेत ‘नंबर’. वीस नंबरी सुताच्या एका पौंडात १६,८०० वार धागा असतो. जपानच्या स्पर्धेमुळे चीनची बाजारपेठ हातची गेल्यावर तलम सुताकडे वळणे भाग पडले. परंतु भारतीय कापूस बव्हंशी आखूड धाग्याचा होता. या प्रश्नाचा विचार करण्यासाठी १९१७ मध्ये भारतीय कापूस समिती नेमण्यात आली. तिच्या शिफारशीनुसार १९२१ मध्ये मध्यवर्ती कापूस समिती स्थापन झाली व १९२३ च्या कायद्याने कापसावर बसविलेल्या उपकरातून तिला निधी मिळू लागला. समितीने १९२४ मध्ये माटुंगा येथे तंत्रविषयक प्रयोगशाळा उघडली. व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट ही १८८७ मध्ये स्थापन झालेली संस्थाही १९२३ मध्ये भायखळ्याहून माटुंग्यास आली होती.

प्रयोगशाळेचे पहिले संचालक ए. जे. टर्नर यांच्यापुढील मुख्य प्रश्न व्यावहारिक होता. शेतकी खात्याने काढलेला नवा वाण गिरणीस खरोखर उपयुक्त आहे की नाही, हे त्याचा प्रसार होण्यापूर्वी कसे ठरवावे? त्यासाठी थोड्या रुईचे प्रत्यक्ष सूत काढून पाहण्याची पद्धत बसविण्यात आली. ठरविलेल्या किमान बळाचे सूत जास्तीत जास्त किती नंबरापर्यंत काढता येते, हा आकडा वाणाचे माप म्हणून स्वीकारण्यात आला. हाताने केलेली पारख व प्रत्यक्ष कताई यांचा मेळ नेहमी बसत नसे. म्हणून लांबी, तलमता, बळ व परिपक्वता यांपैकी कोणता गुण सुताच्या बळाशी किती निगडित आहे, याचा संख्याशास्त्रीय अभ्यास सुरू झाला.

टर्नर यांच्यानंतर नझीर अहमद संचालक झाले. केंब्रिज येथे रदरफर्ड यांच्या हाताखाली संशोधन केलेले हे भौतिकीविज्ञ पुढे पाकिस्तानच्या अणुऊर्जा आयोगाचे पहिले अध्यक्ष झाले. त्यांच्या कारकीर्दीत १९३० नंतरच्या दशकात तंतुमापनाच्या पद्धती पक्क्या झाल्या. परिपक्वतेची चाचणी येथे उदाहरणादाखल देता येईल. तंतू १८ टक्के दाहक सोड्याच्या विद्रावात फुगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले म्हणजे पक्का तंतू भरीव दांड्यासारखा दिसतो, तर कच्च्या तंतूची भिंत पातळ व पोकळी रुंद दिसते. कच्चे तंतू पिंजताना गुठळ्या करतात, कताईत तुटतात व रंगही कमी घेतात. सायडरला तुटीवरून आणि रंगाऱ्याला कापडावरील ठिपक्यांवरून जे कळे, त्याचे कारण भिंतीतील सेल्युलोजाच्या थरांत आहे, हे अशा चाचण्यांनी स्पष्ट केले.

फाळणीनंतर सिंध व पश्चिम पंजाबातील बागायती कापसाचे प्रदेश पाकिस्तानात गेल्याने मुंबईच्या गिरण्यांना चांगल्या कापसाची तीव्र टंचाई भासली. लांब धाग्याच्या भारतीय वाणांची निकड वाढली आणि माटुंग्यातील चाचण्यांचे महत्त्वही वाढले. मध्यवर्ती कापूस समिती १९६६ मध्ये विसर्जित होऊन प्रयोगशाळा भारतीय कृषि अनुसंधान परिषदेकडे आली. सुरत येथे सी. टी. पटेल यांनी १९७० मध्ये काढलेला संकर-४ हा जगातील पहिला व्यापारी संकरित कापूस आणि १९७४ चा अतितलम ‘सुविन’ हे वाण या दीर्घ प्रयत्नांच्या काळातील आहेत. [⟶ कापूस].

याच सुमारास संशोधनाची दृष्टी तंतूच्या बाह्य गुणांकडून आतल्या मांडणीकडे वळली. क्ष-किरण विवर्तनाने तंतुके अक्षाशी सरासरी किती कोन करतात ते मोजता येते. प्रकाश तंतूतून जाताना त्याच्या दोन घटकांच्या वेगांत पडणाऱ्या फरकावरून साखळ्या किती समांतर आहेत ते समजते. एस. एम. बेट्रबेट, के. पी. आर. पिल्ले व आर. एल. एन. अय्यंगार यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात हा प्रकाशीय गुण आणि मळसूत्राची दिशा उलटण्याची ठिकाणे यांचा तंतूच्या यांत्रिक गुणांशी असलेला संबंध तपासला आहे. साखळ्या अक्षाशी जितक्या समांतर, तितका तंतू बळकट. आणि मांडणीची दिशा जेथे बदलते, ती जागा बळाच्या दृष्टीने महत्त्वाची. सुताच्या पिळाविषयी गिरणीतील अनुभव हेच सांगत होता. एकच तत्त्व दोन निरनिराळ्या मापांवर सापडले होते.

रसायनशास्त्राची जोड : मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रविद्या विभाग १ ऑक्टोबर १९३३ रोजी सुरू झाला. कापड गिरण्यांना लागणारे रसायनज्ञ तयार करणे हा त्याचा एक मुख्य हेतू होता. १९३८ मध्ये के. वेंकटरामन हे त्याचे पहिले भारतीय प्रमुख झाले. हा विभाग १९४३ मध्ये माटुंग्यातील स्वतःच्या जागेत आला. रंजकद्रव्यांवरील वेंकटरामन यांच्या ग्रंथाचे पहिले दोन खंड १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले व ते जगभर प्रमाणभूत मानले गेले. कापसास थेट लागणाऱ्या रंगांचे रेणू लांबट व सपाट असतात. ते सेल्युलोजाच्या साखळीलगत पडून क्षीण आकर्षणांनीच धरले जातात. म्हणजे रंगाचा पक्केपणाही रेणूंनी एकमेकांना धरून ठेवण्याचाच प्रश्न ठरतो. जॉन मर्सर यांनी १८५० मध्ये एकस्व घेतलेली दाहक सोड्याची प्रक्रिया मुंबईच्या गिरण्यांत प्रचारात होती. वर सांगितलेला साखळ्यांच्या मांडणीतील बदल हेच तिचे रहस्य होय. ताण देऊन ही प्रक्रिया केल्यास कापडास चकाकी येते व ते रंगही अधिक घेते.

पाणी, हवा व कामगार : ओला कापूस कोरड्यापेक्षा अधिक बळकट असतो. सेल्युलोजाच्या अव्यवस्थित भागांत पाण्याचे रेणू शिरले, की तेथील साखळ्या किंचित सैल होतात व ताण एका जागी न साचता अनेक साखळ्यांत वाटला जातो. व्हिस्कोज रेयॉनमध्ये साखळ्या आखूड व मांडणी विस्कळित असल्याने तो भिजल्यावर उलट दुबळा होतो. समुद्रकाठची दमट हवा हे मुंबईत गिरण्या भरभराटीस येण्याचे एक कारण मानले जाते, त्याचा खुलासाही येथेच मिळतो. तुटी कमी व्हाव्यात म्हणून साचेखात्यात पाण्याचे फवारे सोडून सापेक्ष आर्द्रता सु. ८० टक्क्यांपर्यंत ठेवीत.

धाग्यास मानवणारी ही हवा माणसास मानवत नसे. उष्ण व दमट हवेत आठ तास उभे राहून काम करणाऱ्या कामगारांचे हाल होत. पिंजण व त्याआधीच्या खात्यांत कापसाची धूळ छातीत जाई. या धुळीमुळे होणारा श्वसनविकार भारतात नाही, असा समज दीर्घ काळ होता. परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील एस. आर. कामत व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या सुमारास मुंबईच्या गिरणी कामगारांची तपासणी करून तो विकार येथेही आढळतो, हे दाखविले. तंतूचे बळ मोजणाऱ्या प्रयोगशाळा व कामगारांच्या फुप्फुसांचे बळ मोजणारे रुग्णालय यांच्यात एक-दोन मैलांचेच अंतर होते. पण पहिल्या मोजणीचा आरंभ १९२४ मध्ये झाला, तर दुसरीस आणखी अर्धशतक जावे लागले.

कृत्रिम तंतू व गिरण्यांचा ऱ्हास : व्हिस्कोजची रीत १८९२ मध्ये, नायलॉन १९३५ मध्ये व पॉलिएस्टर १९४१ मध्ये शोधून काढण्यात आले. या तंतूंत रेणूंची मांडणी कोशिका करीत नाही. वितळलेले वा विरघळलेले द्रव्य बारीक छिद्रांतून काढून ताणले जाते व ताणामुळे साखळ्या समांतर होतात. कृत्रिम रेशमाच्या गिरण्यांसाठी वरळी येथे १९५० मध्ये ‘सस्मिरा’ ही संशोधन संस्था, तर मुंबईच्या गिरण्यांसाठी १९५४ मध्ये ‘बिट्रा’ ही संस्था स्थापन झाली. पॉलिएस्टर-मिश्रित कापड लोकप्रिय झाले, यंत्रमागांची स्पर्धा वाढली, आणि यंत्रसामग्रीत गुंतवणूक न केलेल्या अनेक जुन्या गिरण्या मागे पडल्या.

दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सु. अडीच लाख कामगार सामील झाले. हा संप औपचारिकपणे कधीच मागे घेण्यात आला नाही. हजारो कामगार कायमचे बेकार झाले व पुढील दोन दशकांत गिरणगावातील बहुतेक गिरण्या बंद पडल्या. त्यांच्याबरोबर बोटांनी धागा ओळखणारे कसबही विखुरले. नीरा आडारकर व मीना मेनन यांनी गिरणगावच्या रहिवाशांच्या आठवणींचे संकलन २००४ मध्ये प्रसिद्ध केले. तथापि कामाच्या कसबाची पद्धतशीर नोंद, वाणांच्या चाचण्यांची झाली तशी, झाली नाही.

आंतरबद्ध रेणू : परळ-लालबागचे भोंगे थांबले त्याच काळात तंतुविज्ञानाचा तिसरा टप्पा अन्यत्र सुरू होत होता. एकमेकांत ओवलेल्या दोन वा अधिक वलयांच्या रेणूस ‘कॅटेनेन’ म्हणतात. लॅटिन भाषेत कॅटेना म्हणजे साखळी. दांड्यावर ओवलेले वलय दोन्ही टोकांच्या गाठींमुळे निसटू शकत नाही, अशा रेणूस ‘रोटॅक्सेन’ हे नाव आहे. एडेल वासरमन यांनी १९६० मध्ये अमेरिकेत पहिले कॅटेनेन बनविले. परंतु एक वलय बंद होताना दुसरे त्यात अडकणे हे केवळ योगायोगावर अवलंबून असल्याने उत्पादन अत्यल्प होते. पहिले रोटॅक्सेन १९६७ मध्ये बनले.

फ्रान्समधील स्ट्रॅस्‌बर्ग येथे झां-प्येर सोव्हाझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये योगायोगाची ही अडचण दूर केली. त्यांनी एक वलय व एक चंद्रकोरीच्या आकाराचा रेणू तांब्याच्या आयनाभोवती आणले. आयनाने दोघांना योग्य स्थितीत धरून ठेवले असता चंद्रकोरीचे वलय पूर्ण केले व अखेरीस तांबे काढून टाकले. उत्पादन ४२ टक्क्यांवर गेले. येथे आकर्षण हे कडी जुळविण्याचे साधन बनले. कडी जुळल्यावर त्याची गरज उरली नाही. जे. फ्रेझर स्टॉडर्ट यांनी १९९१ मध्ये दांड्यावर दोन स्थानांमध्ये ये-जा करणारे वलय बनविले. या दोघांना व बेन फेरिंगा यांना २०१६ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. निसर्गातही अशा कड्या आढळतात. काला आजाराच्या परजीवीत डीएनएची हजारो लहान वलये चिलखताच्या जाळीप्रमाणे एकमेकांत गुंतलेली असतात.

तंतू व तारा : असे रेणू एकत्र आणून तंतू बनविण्याचे प्रयत्न पुढे झाले. स्ट्रॅस्‌बर्ग येथेच निकोला ज्यूझपोन यांच्या गटाने २०१२ मध्ये दोन रोटॅक्सेन परस्परांत सरकतील अशा हजारो जोड्या धातूच्या आयनांनी सांधून लांब साखळी तयार केली. विद्रावाची अम्लता बदलली म्हणजे प्रत्येक जोडी सुमारे एका नॅनोमीटरने आखडते, आणि सर्वांची हालचाल मिळून संपूर्ण साखळी काही मायक्रोमीटरांनी आखडते. स्नायूच्या आकुंचनाचे तत्त्व हेच आहे. त्याच गटाने त्याच वर्षी प्रकाशाच्या साहाय्याने दोन विद्युत् अग्रांच्या दरम्यान आपोआप वाढणाऱ्या कार्बनी तारा बनविल्या. त्यांतील रेणू कड्यांनी नव्हे, तर नाण्यांच्या चळतीप्रमाणे एकमेकांवर बसून धरलेले असतात, आणि त्या धातूप्रमाणे वीज वाहून नेतात. जपानमध्ये २०२० मध्ये शिकी यागाई व सहकाऱ्यांनी स्वयंरचनेने बनलेली बावीसपर्यंत वलये एकमेकांत ओवली गेल्याचे सूक्ष्मदर्शकाने दाखविले. वलयांमधून सरकणाऱ्या साखळ्यांची जाळी असलेला जेल तेथेच २००१ मध्ये बनविण्यात आला होता. त्यात ताण पडला की गाठी सरकून तो सर्वत्र वाटला जातो. म्हणून तो फार ताणला जाऊनही तुटत नाही. ओल्या कापसाच्या बळाचे वर दिलेले कारण येथे आठवण्यासारखे आहे.

सद्यःस्थिती : माटुंग्यातील प्रयोगशाळेस १९९१ मध्ये केंद्रीय कापूस तंत्रविद्या संशोधन संस्था हे नाव मिळाले व २०२४ मध्ये तिला शंभर वर्षे पूर्ण झाली. कापसाच्या तंतूतील सूक्ष्मतंतुके सुटी करून त्यांपासून उपयुक्त द्रव्य बनविण्याचे प्रायोगिक संयंत्र तेथे २०१५ मध्ये उभारण्यात आले. कागद, लेप व संमिश्र पदार्थ यांचे बळ वाढविण्यासाठी अशा द्रव्याचा उपयोग होतो. म्हणजे एके काळी सुताचा नंबर ठरविणारी संस्था आता सुताच्या आतील घटकावर काम करीत आहे. रासायनिक तंत्रविद्या विभागाचे २००८ मध्ये स्वतंत्र अभिमत विद्यापीठात रूपांतर झाले. गिरण्यांच्या जागी मात्र बव्हंशी कचेऱ्या, दुकाने व उंच निवासी इमारती आल्या असून काही धुराडी तेवढी उरली आहेत.

सूत, तंतू व रेणू या तिन्ही पातळ्यांवर बळ हे एका घटकाचे नसते. ते घटकांच्या परस्परांना धरून राहण्याच्या रीतीचे असते. मुंबईत या तत्त्वाची पहिली पातळी कामगारांना हाताने व दुसरी संशोधकांना उपकरणांनी अवगत झाली. तिसरीचा शोध परदेशांत लागला, तेव्हा पहिली पातळी जाणणारी पिढी कामावरून दूर झालेली होती. तंतुविज्ञानाचा इतिहास लिहिताना प्रयोगशाळांच्या अहवालांबरोबर त्रासन खात्यातील अनुभवही साधन म्हणून विचारात घेणे त्यामुळे अगत्याचे ठरते. तो सांगू शकणारे कामगार आता वृद्ध झाले आहेत.